आमच्या मेटल बँडचा फ्लेक्स

आमच्या बँडच्या नव्या अल्बममध्ये सहा गाणी आहेत आणि त्यातलं सर्वांत छोटं अकरा मिनिटांचं आहे. याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. (आमची आई याला "अजून संपलं न्हाई व्हय?" म्हणते.)

अल्बमला चार वर्षं लागली, कारण माणसंच टिकेनात. ड्रमरने चऱ्होलीत फ्लॅट घेतला आणि सोसायटीने त्याचे ड्रम लिफ्टमध्ये चढवूच दिले नाहीत. गायक विक्रम कंपनीत सुपरवायझर झाला आणि त्याचा सगळा आरडाओरडा तिथेच खर्च होऊ लागला. शेवटी ऋतुजा मिळाली. पिंपरीतल्या एका शाळेत शिकवते, चणीने एवढीशी. पण तिने माइक धरला की आमच्या गोठ्यातल्या म्हशी दावं ओढायच्या! नवा ड्रमरही तिनेच आणला. म्हणजे ती रुसली की अर्धा बँड गेला. मी तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होतो.

रविवारी गावी निघोज्यात, आमच्याच अंगणात प्रकाशन ठरलं. आणि आमचे वडील, म्हणजे आबा, मैदानात उतरले.

"पोरगं गाणी काढतंय आन् चौकात फ्लेक्स न्हाई? लोक म्हणतील घरात भांडणं झाली!"

त्यांनी फोटो मागितला आणि इथे मी माती खाल्ली. नव्या बँडचा चांगला फोटो होता हो! पण त्यात माझं पोट गिटारच्या पुढे निघालं होतं आणि केस... असो. जुन्या फोटोत माझे केस खांद्यापर्यंत होते. तो मी फ्लेक्सवाल्या बंडूला पाठवला.

"भावा, विक्रमच्या जागी ऋतुजाचं तोंड लाव. ड्रमरचंही बदल. बाकी कशालाही हात लावू नकोस."

बंडूने खरोखरच हात लावला नाही. शनिवारी सकाळी चौकात ऋतुजाचा हसरा चेहरा झळकला आणि त्याखाली विक्रमचा बनियन, विक्रमचे केसाळ दंड!

पहिला फोन विक्रमचा. "राव, माझ्या बॉडीवर कुणाचं डोकं? निदान विचारायचं तरी!"

दुसरा ऋतुजाचा. "दादा, माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया विचारतायत, मॅडम, कुठली जिम लावली? उद्या मी येत नाही."

"अगं, ऐक तरी..."

"ड्रमरपण येत नाही."

मी आबांकडे धावलो. "आबा, तो फ्लेक्स आधी उतरवा!"

"कंचा? चार हायत."

"चार?"

"एक तर त्या पोरीच्या शाळेम्होरं लावलाय. तिचंबी नाव व्हायला नको व्हय?"

मी कपाळाला हात लावला. चार वर्षांची मेहनत माझ्या जुन्या केसांपायी पाण्यात चालली होती! पुन्हा ऋतुजाला फोन केला, हातापाया पडलो. तिने एकच अट घातली. चारही फ्लेक्स उतरवायचे आणि उद्या नवा लावायचा, खऱ्या फोटोचा.

"सगळे जसे आहेत तसे दिसले पाहिजेत," ती म्हणाली.

नाइलाजाने बंडूला पोटासकट फोटो पाठवला.

रविवारी स्टेजमागे नवा फ्लेक्स लागला. मधोमध ऋतुजा, स्वतःच्या दंडांसह. ती खूश, ड्रमर खूश. मी मात्र बँडमध्ये स्वतःला शोधतोय आणि सापडतच नाही!

"बंड्या, मी कुठाय?"

"ते टक्कल पडलेले काका ना? त्यांना वर घेतलंय, मानाने."

वर पाहिलं. आबांच्या शेजारी, गोल चौकटीत मी. खाली ठळक अक्षरांत 'मार्गदर्शक'.

तरी गिटार घेऊन स्टेजवर चढलो, तर सूत्रसंचालक आडवा आला. "काका, पाहुण्यांची व्यवस्था पुढे सोफ्यावर आहे."

ऋतुजाने लगेच माइक ओढला. "अहो, येऊ द्या काकांना! ते आमच्यातलेच आहेत."

शनिवारपर्यंत ती मला दादा म्हणायची.