दात बघून मारायला लावलेल्या उड्या

ये गं, अशी जवळ बस. व्हिडिओ बघितला मी, तो मोबाईल आधी खाली ठेव. लाडाची नात आहेस म्हणून इतका वेळ गप्प राहिले. पाच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, बेळगावात तुमच्या टिळकवाडीच्या घरात फरशीवर स्टुलावरनं उड्या मारतंय, आणि तू टाळ्या वाजवतेस? वर शाबासकी मागायला माझ्याकडं आलीस? असल्या टाळ्या मीही वाजवल्यात, म्हणून जीव जळतो.

मळ्यातली आमची लंगडी कुत्री तू बघितलीयस. तुला वाटतं ती जन्माचीच तशी. न्हाय गं बाई. आम्ही केली तिला तशी.

कारवानी जात, लांब पायांची. सहा महिन्यांत माझ्या मांडीला लागायला लागली. त्याच सुमाराला अण्णा, माझे थोरले भाऊ, बेळगावात कुत्र्यांच्या उड्यांची स्पर्धा बघून आले. आडव्या दांड्या, कापडी बोगदा, अरुंद फळीवरची चाल. तेच डोक्यात घेऊन निपाणीला मळ्यावर परतले. मी म्हटलं, "अण्णा, लेकरू हाय अजून ते." त्यांनी तिचा जबडा उघडून मला दाखवला. "बघ की! दुधाचं दात पडल्यात सगळं. आता काय धाड भरलीया हिला?"

आणि हे कोण म्हणतंय? खोंडाचे दुधाचे दात पडायला लागल्याशिवाय मानेवर जू ठेवू न देणारा माणूस! शेजाऱ्यानं घाई केली तर बांधावर उभा राहून शिव्या घालणारा! तेच माप उचललं आणि कुत्रीला लावलं. मलाही पटलं, हा माझा मूर्खपणा.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातनं लोखंडी पाईप कापून आणले. सिमेंटच्या खळ्यावर रोज सकाळी वीस-वीस उड्या. ती बिचारी आमच्या तोंडाकडं बघत उडायची. महिन्याभरात पुढचा पाय उचलून धरायला लागली. अण्णा म्हणाले, "मुरगळलाय, हळद लाव." लावली! आठ दिवस लावत बसले मी, अक्कल गहाण ठेवून.

शेवटी बेळगावात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पायाचा एक्स-रे फोटो काढला. अण्णांना असं झाडलं म्हणून सांगू! "आजोबा, बैलाचे दात पडायला दोन वर्षं लागतात. कुत्र्याचे सहा महिन्यांत पडतात. त्यावरनं हाडं पक्की झाली हे कुणी सांगितलं तुम्हाला?" हाडाच्या टोकाला वाढ होते, तिथं ते कच्चं असतं. तेच दुखावलं होतं. पाय वाकडा वाढला तो वाढलाच. घरी आल्या आल्या अण्णांनी खळ्यावरचे पाईप उचलले. ते पाईप आता दोडक्याच्या मांडवाला आहेत. बघितले की अजून माझं डोकं फिरतं.

तुझं पिल्लूही उंच जातीचंच ना? मग नीट ऐक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान जातीला वर्षभर, असल्यांना दीड वर्ष तरी थांबायचं. मग फोटो काढून हाडं भरलीत का बघायचं, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तरच उडी. तोवर दांडी जमिनीवर ठेवून ओलांडायला शिकव. बोगद्यातनं पळव. थांब म्हटलं की थांबायला शिकव. फरशीवर न्हाय, मातीत.

रडू नको आता. अजून त्याचे पाय धड आहेत, म्हणून तर ओरडले. घरी गेलीस की ते स्टूल आधी माळ्यावर टाक. आणि येत्या रविवारीच त्याला घेऊन मळ्यावर ये. अंगणातल्या मऊ मातीत मी उसाचं कांडं आडवं टाकून ठेवते. ये बाई, लवकर ये, लई दिवस लावू नको.