सोमाजींची सही

सोमाजी मोबाइल कानाशी धरून त्यावर बोट फिरवत. पडद्यावरचं वाचून दाखवणारी आतली बाई इतक्या वेगाने बोले की मला एक शब्द कळत नसे. ते मात्र मान डोलवत. पहिल्या भेटीत मला वाटलं, हा माणूस आंधळेपणाचं सोंग करतो. माझ्या दुकानातल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी चारोळीची मूठ काढली.

"वरची सुकी, खालची ओली. आंधळ्याले कायले फसवता, सेठ?"

मी भडकलो. भाव मात्र उतरवला.

बसस्टँडसमोर उघड्यावर बसून ते सुपं आणि टोपल्या विकत. अशात, नगरपंचायतीची वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी असा वरून आदेश आला. अंध माणसाने ती तपासून, आपल्याला वाचता येते अशी सही द्यायची होती. निवड सोमाजींची झाली आणि माझा संशय वाढला. त्या वेबसाइटशी माझं जुनं वैर होतं. मोक्याच्या एका गाळ्याचा लिलाव म्हणे तिच्यावर जाहीर झाला होता. मला कळलं तेव्हा तिथे दुसऱ्याची गादी पडली होती. डोक्यावर पोती वाहून मी धंदा उभा केला. असा घाव मी विसरत नाही.

एके दिवशी सोमाजी दुकानात आले. "सेठ, तुमी भांडता चांगलं. चाला माझ्यासंग."

"माझा काय फायदा?"

"तेच तं पाहाले चाला."

नगरपंचायतीच्या ऑफिसात त्यांनी बाबूच्या टेबलावर मोबाइल ठेवला आणि लिलावाच्या पानावर बोट फिरवलं. मोबाइल बोलला, "चित्र." बोट खाली सरकलं. "चित्र." आणखी खाली, तरी "चित्र."

भानगड साधी होती. बाबू नोटीस टाइप करून छापायचा, साहेबांची सही आणि गोल शिक्का घ्यायचा आणि त्या कागदाचा फोटो वेबसाइटवर चढवायचा. फोटोतली अक्षरं सोमाजींच्या मोबाइलला वाचता येत नव्हती. मी माझ्या मोबाइलवर पाहिलं. फोटो तिरपा, अक्षरं मुंगीएवढी. माझे दोन्ही डोळे शाबूत, तरी तारीख लागेना.

"शिक्का नाही दिसला तं लोक खरं मानत नाही जी," बाबू म्हणाला.

"शिक्का राहू द्या. खाली तेच टाइप करून टाका. टाइप तं तुमी करताच, मंग लपवता काऊन?"

मी आवाज चढवला. बाबूने दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "अरे यार सोमाजी, सही करून टाका ना. एक नवा गाळा रिकामा हाय. लिलाव कायले, तुमच्याच नावानं करून देतो."

मी सोमाजींचा दंड दाबला. "चांगला सौदा आहे. घ्या."

"मी सही केली तं सारे म्हणतीन, आंधळ्याले वाचता येते," ते म्हणाले. "येते का?" आणि काठी उचलून ते चालू लागले.

दीड महिना सही अडली. वरून फोनावर फोन आले, तेव्हा कुठे बाबूने सगळ्या नोटिसा टाइप केल्या. सोमाजींनी एकेक ऐकली, दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त करून घेतल्या आणि मगच सही केली.

पुढच्या आठवड्यात त्याच नव्या गाळ्याच्या लिलावाची नोटीस आली. मी ती वाचून लिलावाला गेलो, तर समोर सोमाजी! मी बोली वाढवली की तेही वाढवत. माझं डोकं तापलं. "माझ्याच भांडणाच्या जोरावर माझ्याच विरोधात?"

"मंग ते पान तुमच्या एकट्यासाठी उघडलं का जी?"

सगळे हसले. बोली माझ्या हिशेबाबाहेर गेली तेव्हा मी थांबलो आणि गाळा त्यांना गेला.

गेल्या उन्हाळ्यात गाळा मुलीच्या हाती देऊन ते चिचगडला राहायला गेले. निघताना मी विचारलंच, "गाळा हवाच होता, तर त्या दिवशी सही का नाही केली?"

"तवा वाचता येत नव्हतं, सेठ."

मी उभा जन्म सौदे केले. फुकट मिळणारी वस्तू नाकारून तीच चढ्या बोलीने घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यात त्यांचा नेमका काय फायदा होता, ते मी अजून शोधतो आहे.