दोन चिठ्ठ्यांमधला फरक

सुलभा झोपेतच गेली, असा तिच्या मुलीचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तापमापीसमोर उभा होतो. आकडा नुकताच चिठ्ठीवर लिहून झाला होता. दीड महिना झाला, ती चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे...

सुलभा माझी शेजारीण. कॉलेजात फिजिक्स शिकवायची. निवृत्त झाल्याझाल्या तिने गच्चीच्या सावलीतल्या भिंतीवर तापमापी टांगली आणि मला, विमा कार्यालयातल्या कारकुनाला, कामाला जुंपलं. तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: आपल्याकडच्या मे महिन्यातल्या सकाळी खरंच तापत चालल्यात, की आपलेच डोळे चुकतायत? म्हणून वर्षभर रोज सकाळी सातला एकच पारा दोघांनी वाचायचा, एकमेकांना न सांगता चिठ्ठी स्टीलच्या डब्यात टाकायची आणि रविवारी चहाबरोबर डबा उघडायचा. चिठ्ठ्यांत फरक निघाला की बाई खूश! "ही आपली चूक. हिचं माप कळलं ना, की मग पुढचं बोलायचं." मला मात्र चुकायची भारी लाज. एकदा आठवडाभर मी रोज तिची चिठ्ठी हळूच उघडून तोच आकडा उतरवला. रविवारी सातही जोड्या जुळल्या आणि ती तडकली.

"सात दिवस फरक शून्य? इतके शहाणे नाही रे आपण! कॉपी केलीस ना?"

अख्खा आठवडा तिने फाडून टाकला. मी दोन दिवस फुगून बसलो, पण पुन्हा तसं केलं नाही.

गेल्या मेच्या अखेरीस बारा वर्षांच्या वह्या तिच्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या. बेरजा माझ्या, भागाकार तिचे. पहिल्या वर्षांपेक्षा शेवटची वर्षं गरम निघाली, आणि ती वाढ आमच्या चुकीच्या कितीतरी पट! "अरे, चुकीच्या बाहेर गेलं! बाहेर!" ती ओरडली आणि माझे हात धरून गरागरा फिरली. उकाडा वाढला म्हणून कोणी नाचतं का? आम्ही नाचलो. मग ती एकदम थांबली. "बातमी वाईट आहे यार... पण खरी आहे." आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या दुपारी काहीतरी शोधल्याचा आनंद मिळाला. आजही आठवलं की अंगात वारं संचारतं.

डबा आता माझ्याकडे आहे. रोज सातला पारा वाचतो, चिठ्ठी टाकतो, रविवारी चहा ठेवून डबा उघडतो. सातच चिठ्ठ्या निघतात. सगळे आकडे बरोबर वाटतात... माझं किती चुकतंय, ते आता मला कधीच कळणार नाही.