मूठभर कणीक

माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने माझ्या बायकोच्या भाकरीत गव्हाची कणीक मिसळली, आणि बायकोने ते कळूनही माझ्यापासून लपवलं. म्हणजे एकीने एकीला फसवलं आणि मग दोघींनी मिळून मला. मी चिखलीत पाइप आणि मोटारपंप विकतो. सुरुवात एस.टी. स्टँडसमोर केळीच्या गाडीपासून केली. कंपनीची माणसं, ट्रकवाले, उधारीवाले, सगळ्यांना पुरून उरलो. फसलो तो घरच्या दोन बायकांकडून.

बायकोला गहू चालत नाही. नुसता जड जातो असं नाही, गव्हाचा कण पोटात गेला तरी तिचं आतडं बिघडतं. हे कळायला फार काळ गेला. तोवर ती वाळत चालली होती आणि जो तो वेगळं चूर्ण सांगत होता. शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की गहू, रवा, मैदा, शेवया आयुष्यभर बंद. मी सवयीने विचारलं, "साहेब, सणावाराला थोडं तरी?" ते म्हणाले, "यात घासाघीस नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा भाव मुकाट मान्य केला.

त्यानंतर मी सगळ्या गावाशी भांडलो. गिरणीत ज्वारी टाकली की आधीच्या माणसाचा गहू दगडांत उरलेला असतो, तो आपल्या पिठात येतो. मी गिरणीवाल्याला म्हटलं, आधी साफ कर. तो म्हणाला, "शेठ, तुमच्या डब्याभर ज्वारीसाठी गिरणी खोलून बसू काय? घरीच घ्या ना चक्की." त्याच संध्याकाळी चक्की घरी आली. मग हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिहिलेलं सापडलं. डबी घेऊन किराणावाल्याकडे गेलो.

"हिंगात गहू काऊन?"

"मले काय विचारता? मी काय हिंग पेरतो?"

सगळी गिऱ्हाइकं हसली. मी दुकान बदललं.

अंगात जरा जीव आल्यावर बायको एक दिवस म्हणाली, "मले सायकल घ्या." सोनाळ्याला माहेरी तिच्या भावांना सायकल होती, तिला नव्हती. भाऊ शाळेतून आले की ती त्यांची सायकल अंगणात नुसती हाताने धरून फिरवायची. हे तिने लग्नानंतर इतक्या वर्षांनी सांगितलं. मी गिअरच्या दोन सायकली घेतल्या आणि दुकानदाराकडून हेल्मेट, पंप, पाण्याच्या बाटल्या फुकट काढल्या. पहाटे आम्ही निघालो की चहाच्या टपरीवरून आवाज यायचे.

"काय शेठ, पेट्रोल परवडत नाई काय?"

"अबे पाह्य, वहिनी पुढं अन् शेठ मागं. घरीबी असंच असंल!"

मी थांबून उत्तर द्यायचो. ती थांबायची नाही. त्यामुळे मी आणखी मागे पडायचो.

रस्त्यावर तिच्या पोटासाठी काही मिळत नाही. समोसा, ब्रेड, बिस्किट तर सोडाच, भजी बेसनाची असली तरी त्याच तेलात समोसे तळलेले असतात. म्हणून खाणं घरूनच न्यायचं. तिने हळूहळू बरोबर जमवलं. ज्वारीच्या लाह्या आणि भाजलेले शेंगदाणे एका पिशवीत. मीठ लावलेलं उकडलेलं रताळं. केळी मी निवडायची, कारण सायकलवर हादरे खाऊनही काळं न पडणारं केळं कोणतं, हे गावात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. चढावर दम लागला की ती न उतरता खिशातून गुळाचा खडा काढायची आणि मागे वळून विचारायची, "पाहिजे?" मला पाहिजे असायचा, पण नको म्हणायचो.

थंडीत आम्ही पहिला लांबचा बेत केला. मेहकरवरून सुलतानपूरला ताईकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी लोणार पाहून परत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर वाळत उभी होती. मेहकरात एका दुकानातून राजगिऱ्याचे लाडू घेतले. दुकानदाराला मी वकिलासारखे प्रश्न विचारले. तो शेवटी हात जोडून म्हणाला, "राजगिरा अन् गूळ, शेठ. तिसरी चीजच नाई."

ताईबद्दल सांगतो. आई लवकर गेली, मला ताईने वाढवलं. मी केळीची गाडी ढकलत होतो तेव्हा सकाळी तिच्या हातची भाकर फडक्यात असायची. आमच्या घरात एक रीत होती. प्रवासाला निघालेल्या माणसाची भाकर अख्खी पोचली पाहिजे. वाटेत तिचे तुकडे झाले तर बांधून देणारीची लाज जायची. त्यासाठी बायका ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक घालायच्या. भाकर चिरत नाही, शिळी झाली तरी मऊ राहते. ताईला मी गव्हाचं फोनवर दहादा सांगितलं होतं. तिने पोळ्या केल्या नाहीत, शिरा केला नाही. पण ती मूठ तिच्या लेखी गहू नव्हतीच. भाकरीत मीठ असावं, तशी ती कणीक.

पहाटे उठून तिने भाकरी थापल्या, जवसाची चटणी आणि ठेचा दिला. लोणारला सरोवराच्या कडेवर झाडाखाली आम्ही फडकं सोडलं. भाकरीची चौघडी घातली तरी तडा नाही. मी म्हणालो, "याले म्हणतात हात. शीक काही." बायको हसली आणि पोटभर जेवली. डबी-पाकीट उन्हात धरून वाचणारा मी, त्या भाकरीवर एक प्रश्न विचारला नाही. बहिणीच्या हाताला काय विचारायचं?

परतताना मेहकर यायच्या आधीच तिने सायकल कडेला घेतली. पोट धरून बसली, मग उलट्या. हात गार पडले. मी एक जीप थांबवली, सायकली टपावर बांधल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन चिखलीपर्यंत ड्रायव्हरला खड्ड्यांवरून शिव्या देत आलो. तो बिचारा म्हणाला, "काका, खड्डे मी नाई पाडले."

घरी आल्यावर हिशोब केला. भाकर ताईची, म्हणजे ती नाही. लाह्या घरच्या. उरले लाडू. पुढच्या आठवड्यात मेहकरला जाऊन मी त्या दुकानदाराला भर रस्त्यात धरलं.

"तिसरी चीज नाई म्हणत होता ना? माझी बायको काय हवेनं आजारी पडली बे?"

तो राजगिऱ्याचं पोतं उघडून दाखवत राहिला. लोक जमले. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

घरी बायको म्हणाली, "जाऊ द्या ना, पाणी बदललं असंल." मी म्हटलं, कुठलं खाणं बाधलं याचा भरवसा नाही, आता लांब जाणं बंद. दोन्ही सायकली ओसरीत चादरीखाली गेल्या. कोथिंबिरीच्या जुडीवरूनही माझ्याशी वाद घालणारी बाई एका शब्दाने भांडली नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. येता-जाता ती चादरीवरची धूळ तेवढी झटकायची.

राखीला ताई आली. मी दुकानातून दुपारी लवकर परतलो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला.

"पाह्य बाई, भाकर चिरून राह्यली. पन कणकीचं बोटबी नाई लावलं यावेळी."

"हळू बोला ताई. ते येतील."

"त्याले अजून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर तुम्ही आज इथं असत्या का?"

मी दारात उभा राहिलो. ताईचा हात परातीतच थांबला. मी असा ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ताईही माझीच बहीण.

"काऊन बोंबलून राह्यला बे? मी पोळी कुठं देल्ली तिले? मूठभर कणीक होती! भाकर धड पोचावी म्हनून टाकली!" आणि मग पिठाच्या हातानेच डोळे पुसायला लागली. "तिनं फोन करून भाकरीत काय टाकलं विचारलं, तवा समजलं मले मी काय करून बसली."

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं, तरी तू माझ्याशी खोटं बोललीस?"

ती शांतपणे म्हणाली, "माह्यं पोट चार दिवसांत बरं झालं. तुम्ही ताईंशी बोलनं टाकलं असतं, ते कधी बरं झालं असतं? चुलत भावाशी बोलता का अजून?"

चुलत भावाचा विषय वेगळा आहे. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो.

जेवायला चिरलेल्या भाकरी होत्या. मग ताईने राखी बांधली, जरा जास्तच करकचून. जायच्या आधी उरलेल्या भाकरी तिने कुस्करल्या, गूळ-तूप घालून लाडू वळले आणि बायकोच्या डब्यात भरले. म्हणाली, "आता भाकर मोडाचं भेवच नाई." त्याच रविवारी चादर निघाली.

आता आम्ही पुन्हा लांब जातो. डब्यात ताईच्या रीतीचे ते लाडू असतात, आणि आमच्या ज्वारीचं पीठ आता ताईकडेही घरूनच जातं. बायको अजून पुढे असते. पण मेहकर आलं की ती त्या राजगिऱ्यावाल्याच्या दुकानासमोर ब्रेक लावते, हसून लाडू घेते, घरची चौकशी करते. मी रस्त्याच्या पलीकडे सायकलची चेन तपासत उभा राहतो. तो माणूस माझ्याकडे बघत नाही. खरं काय झालं ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी म्हणतो, तू सांग. ती म्हणते, "भांडले तुम्ही, सांगा तुम्ही." ताई म्हणते, मी कशाला मेहकरला येऊ?

मी काऊन सांगू? कणीक टाकली एकीने, लपवली दुसरीने. त्या माणसाचं पोतं भर रस्त्यात उघडं पडलं ते या दोघींमुळे. तेव्हा दोघींपैकी एकीने, कुणीही, त्या दुकानासमोर उभं राहून त्याला उत्तर द्यावं. मी पलीकडे थांबायला तयार आहे.