शैलाची तडकलेली नळी

शिक्षकमंडळी, कॉलेजात नुकतीच ईमेलची सोय आलीये, म्हणून आज दुपारचंच लगेच सांगतो.

माझी विद्यार्थिनी शैला भट्टीत, बंद काचनळीत अर्धवाहक स्फटिक वाढवते. त्यांचे कागदाहून पातळ पापुद्रे सुटतात. त्यांतल्या गंधकाच्या जागी थोडं सेलेनियम घातलं की त्यांतून वीज कशी वाहते ते बदलता येतं. दोन प्रयत्न फसल्यावर मीच तिला "विषय बदल" म्हणालो होतो.

आज तिच्या तिसऱ्या प्रयत्नाची भट्टी उघडली, तर काचनळी निवताना तडकलेली. "हाही गेला," म्हणत शैला खाली बसली.

प्रयोगशाळेतले आमचे जुने शिपाई कांबळेमामा तुकडे गोळा करत होते. "म्याडम, ह्यात चमकतंय ते काय हाय?"

नखाएवढा स्फटिक!

मी शैलाची माफी मागितली. डोळे पुसत ती म्हणाली, "सर, आधी यातून वीज कशी वाहते ते मोजून तर बघू."

विद्यार्थ्याला कधी थांबवायचं, हे तुम्ही कसं ठरवता?