आईची आई, तिची आई

गेलेल्या बायकोच्या नावानं आज नातीनं मलिद्याचे, आमच्या गोड प्रसादाचे, पोहे भिजवले. वेलचीच्या वासानं मी साठ-बासष्ट सालच्या बडनेऱ्यातल्या रेल्वे क्वार्टरात पोचलो. आम्ही बेने इस्राएल, मराठी यहुदी. इस्रायलात गेलेल्या मेहुण्याचं, बायकोच्या भावाचं, लग्न अडलं होतं. तिथले धर्मगुरू म्हणत, यहुदीपण आईकडून येतं, खरे असाल तर आईकडच्या बायांची नावं द्या. मी पेटीतले सारे कागद उपसले. सगळी पुरुषांचीच नावं.

बायको नारळ खवता खवता हसली. "बायाइचे नावं कागदावर कोन लिवते? मले इचारा ना!"

आपली माय रिबका, तिची माय मलका, तिची माय सारा... आमचे पूर्वज तेल गाळायचे त्या कोकणातल्या घाण्यापर्यंत सात जणी तिनं सांगितल्या. अंगठा उठवणारी बाई! मी एकेक नाव लिहून कागद इस्रायलला धाडला.

लग्न झालं.

आता नात घराण्याचं लिहून घेऊन राहिली. विचारते, "आबा, तुमच्या आईची आई कोण?" मले नाही ठाऊक. बायकोले ठाऊक असणार होतं, ती माझ्या मायजवळ बसायची. ती होती तोवर मी कधी विचारलंच नाही.