दीक्षाची कॅप्सूल

दीक्षा माझी विद्यार्थिनी, आमच्या अकोल्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होती. थंडी पडली की वर्गात गैरहजर. हातपाय असे दुखायचे की पोरगी उशी चावायची. पातूरला घरी सगळे म्हणत, वात आहे. लहानपणी बिब्ब्याचे चटके दिलेले, त्याचे डाग पाठीवर अजून आहेत. कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर लागलं तेव्हा कळलं, सिकलसेल. आधी साधी चाचणी, मग मोठ्या दवाखान्यात पक्की. आई आणि बाप, दोघांकडून आलेला दोष. तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, पुढे रक्त जात नाही. दुखणार नाही तर काय होणार?

डॉक्टरांनी रोजची कॅप्सूल सुरू केली. मधूनमधून रक्त तपासायचं, भरपूर पाणी प्यायचं. त्यानंतर दोन वर्षं ती एकदाही भरती झाली नाही. पदवी घेतली, शिकवणीवर्ग काढला, स्कूटी शिकली.

मग लग्न. मुलगा अचलपूरचा, नागसेन. दीक्षाच्या वडिलांनी, देवमनभाऊंनी, काही लपवलं नाही. नागसेनचंही रक्त तपासून घेतलं, त्यात दोष नव्हता. सासू केशरबाई म्हणाल्या, "गोळी घेऊन बरी राहते ना? मंग झालं."

झालं कुठं! त्यांचा भाचा किशोर मेडिकलच्या दुकानात. त्यानं पाकीट पाहिलं, मोबाइलवर नाव टाकलं आणि मावशीला सांगितलं, "हे त कॅन्सरची गोळी हाय."

दीक्षाचा फोन आला तशी मी अचलपूरला गेले. केशरबाई दारातच उभ्या.

"मॅडम, कॅन्सरची पोरगी गळ्यात मारली अन् सिकल सांगून राहिले. आमाले येडं समजता काय?"

"ते औषध कॅन्सरलाही देतात, सिकललाही. तापाची गोळी डोकं दुखलं तरी घेता ना तुम्ही? तेव्हा ताप असतो का?"

"तुमी शिकलेले. तुमचं तोंड कोन धरन."

"मग डॉक्टरांनाच विचारू. चला, रिक्षा करते."

"तो त हो म्हननच. त्यानंच देल्ली ना गोळी."

नागसेन मोबाइलमधून मान वर करून म्हणाला, "थोडे दिवस बंद करून पाहू ना, मॅडम. घरात शांती राहीन."

मी दीक्षाला म्हटलं, कुणाच्या सांगण्यावरून औषध सोडू नकोस.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी संध्याकाळी अकोल्याले जान. मले इथंच राहायचं हाय."

गोळी बंद झाली. थंडीत दुखणं परत आलं. सलाईन, घरी विटेचा शेक, पुन्हा सलाईन. वर्षभरात उजव्या खुब्याचं हाड रक्त न मिळून खचलं. आता काठी घेऊन चालते. शिकवणी बंद. गोळी पुन्हा सुरू आहे, नागसेनच आणून देतो, दुखणं कमी आहे. गेलेला खुबा मात्र गोळीनं परत येत नाही.

परवा भेटायला गेले होते. शेजारीण आली, काठीकडे पाहत बसली. केशरबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "काय सांगू बाई, त्या कॅन्सरच्या गोळीनंच कंबर गेली पोरीची."

दीक्षानं कप उचलला. नागसेन समोरच होता. त्यानं साखर मागितली.